एका रुग्णासाठी लिहिलेले पत्रक आणि आजारी पडलेले सगळे घर

प्रति,
घरगुती विलगीकरणाची सूचनापत्रके तयार करणारे सर्व सार्वजनिक आरोग्य विभाग

विषय : कोविडची सूचनापत्रके माणशी नव्हे, घरटी लिहावीत.

महोदय, महोदया,

तुमच्या पत्रकातल्या घरात एक रुग्ण असतो. त्याला स्वतंत्र खोली असते, खोलीला लागून न्हाणीघर असते आणि दाराशी ताट ठेवायला एक धडधाकट माणूस असतो. असे घर कोविडमध्ये फार तर तीन-चार दिवस टिकते. मग ताट ठेवणाऱ्याच्याच अंगात कणकण भरते, त्याच्या मागोमाग मुले, शेवटी म्हातारे माणूस. तिथून पुढे तुमचे पत्रक गप्प होते.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी या आजाराला महासाथ म्हटले, तेव्हा घाईत लिहिलेल्या मजकुरात ही उणीव राहिली तर समजण्यासारखे होते. ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी उठली. विषाणू काही उठून गेला नाही, आणि पत्रकांचा सांगाडाही तोच राहिला. आम्ही घरी राहून बरे होणाऱ्यांच्या शुश्रूषेचे काम करणारी माणसे आहोत. खालचा मजकूर तक्रार म्हणून नव्हे, दुरुस्तीचा कच्चा खर्डा म्हणून वाचावा.

पहिली दुरुस्ती दिवस मोजण्याची. पत्रकात 'पाचव्या ते दहाव्या दिवशी विशेष लक्ष द्या' असे असते. कोणाचा पाचवा? घरात प्रत्येकाचा दिवस वेगळा चालतो. समजा, मुलाला सोमवारी ताप आला, आईला गुरुवारी, आजोबांना शनिवारी. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी मुलाचे दहा दिवस भरतात, तो हिंडू-फिरू लागतो आणि घर सुटकेचा श्वास टाकते. त्याच गुरुवारी आईचा सातवा दिवस असतो आणि आजोबांचा पाचवा. म्हणजे ज्या दिवशी घर सैल सोडते, त्याच दिवशी सर्वांत नाजूक माणसाचा धोक्याचा काळ सुरू होतो. ऑक्सिजन खालावतो तो बहुतेक वेळा लक्षणे सुरू झाल्यावर पाच ते दहा दिवसांच्या दरम्यान. कित्येकदा ताप उतरून एक दिवस बरा गेल्यावर.

म्हणून पत्रकात ठळक लिहा : लक्षण दिसले तो दिवस शून्य, चाचणी झाली तो नव्हे. माणसे हमखास चाचणीच्या तारखेपासून मोजतात, आणि चाचणी दोन-तीन दिवस उशिरा झालेली असते. दार किंवा कपाट, जे येता-जाता दिसेल तिथे एक कागद लावावा. माणशी एक रकाना आणि त्याच्या डोक्यावर 'शून्य दिवस' अमुक तारीख. बाकीची सगळी गणिते, औषधाची मुदत, बाहेर पडण्याचा दिवस, रात्रीचा पहारा, या एका तारखेवर चालतात. एक सूचना तुमच्यासाठीही : काही पत्रके पहिल्या लक्षणाच्या दिवसाला शून्य म्हणतात, काही एक. काहीही ठरवा, पण ते छापा.

चाचणीबद्दल थोडक्यात. घरी करायची अँटिजेन चाचणी लक्षणांच्या पहिल्या दिवशी निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थ 'अजून सांगता येत नाही' एवढाच. ४८ तासांनी पुन्हा करायची. किटवर दिलेल्या वेळेतच वाचायची. तासाभराने उगवलेल्या रेषेला अर्थ नाही, पण वेळेत दिसलेली पुसट रेषासुद्धा पॉझिटिव्हच. चाचणी नीट झाल्याची खूण असलेल्या 'सी'पुढे रेषा नसेल तर किट वाया गेले. घरात दोघांना कोविड ठरल्यावर तिसऱ्याला तीच लक्षणे आली, तर त्याला कोविडच आहे असे धरून चालावे आणि उरलेली किटे अजून ठणठणीत असलेल्यांसाठी, तसेच ज्यांचे औषध चाचणीवर अडते अशा वयस्क किंवा जोखमीच्या माणसांसाठी राखावीत. पीसीआर चाचणी बरे झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा 'आता बरा झालो का' हे तपासायला ती कामाची नाही.

आता खोलीचा प्रश्न, जिथे पत्रक सर्वांत जास्त चुकते. चारांतले तिघे आजारी पडले की 'रुग्णाला वेगळे ठेवा' हे वाक्य निरर्थक होते. तेव्हा वेगळी खोली निरोग्याला द्यायची. त्यातही जो वयाने, मधुमेहाने, हृदयविकाराने किंवा प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या औषधांनी जास्त जोखमीत आहे, त्याला. ज्यांना कोविड ठरला आहे त्यांनी एकमेकांपासून दूर राहण्यात काही हशील नाही. ते एका खोलीत राहिले तर उलट एकमेकांवर लक्ष राहते. पण ही उलटी मांडणी पहिल्या दिवसापासून करू नये. एकच आजारी असेल तोवर जुना नियम बरोबर आहे. उलथापालथ केव्हा करायची याचा साधा हिशेब : आजारी माणसे निरोग्यांपेक्षा जास्त झाली की. आणि हलवण्याआधी ती खोली तासभर खिडक्या उघड्या टाकून मोकळी करून घ्यायची.

हवेबद्दल पत्रके 'खोली हवेशीर ठेवा' असे म्हणून मोकळी होतात. हा सल्ला नाही, शुभेच्छा झाली. हवा कुठून कुठे वाहते ते महत्त्वाचे. आजाऱ्याच्या खोलीची खिडकी नुसती उघडली आणि वारा बाहेरून आत येत असला, तर खोलीतली हवा दाराखालून सरळ घरात ढकलली जाते. आजाऱ्याच्या खिडकीत पंखा बाहेर तोंड करून ठेवावा, भोवतालच्या फटी पुठ्ठ्याने बुजवाव्यात, आणि घराच्या दुसऱ्या टोकाची खिडकी थोडी उघडी ठेवावी. जमले की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. पातळ टिश्यू कागदाची पट्टी बाहेरच्या बाजूने दाराखालच्या फटीशी धरा. पट्टी आजाऱ्याच्या खोलीकडे ओढली गेली तर दिशा बरोबर, आपल्याकडे फडफडली तर पंखा वाढवा किंवा खिडक्या बदला. छताचा पंखा हवा फक्त ढवळतो. भिंतीवरचा एसी आतलीच हवा पुन्हा थंड करून देतो, ताजी हवा आणत नाही. न्हाणीघर एकच असेल तर आधी निरोग्यांनी वापरावे, मागून आजाऱ्यांनी, आणि एक्झॉस्ट फॅन किंवा खिडकी नंतर अर्धा तास तरी चालू राहू द्यावी.

मास्क एन-९५ किंवा त्याच्या तोडीचा, आणि नाकावर दाबून बसवलेला. दाढीवर तो बसत नाही. झडप असलेला मास्क आजाऱ्याने घालण्यात अर्थ नाही, कारण उच्छ्वास झडपेतून तसाच बाहेर येतो. मास्क आजारी आणि निरोगी, दोघांनी घातला तरच पुरता उपयोग. खोलीत जाणाऱ्या एकट्यानेच घालायचा हा समज पत्रकाने मोडावा.

पृष्ठभाग पुसण्यावर मात्र तुम्ही पानभर जागा देता. ती कमी करा. संसर्ग मुख्यतः हवेतून होतो, आणि अंगात ताप असलेल्या माणसाने दारांच्या कड्या पुसत बसण्यापेक्षा तो वेळ झोपून काढावा. हात धुणे पुरे. कुठे वांती किंवा थुंकी सांडली तर ५ टक्के ब्लीचचे २० मिलिलिटर पाण्यात घालून एकूण एक लिटर करावे, साधारण ०.१ टक्क्याचे द्रावण होते. ते रोज ताजे करावे, आणि ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया असलेले दुसरे कोणतेही साफसफाईचे द्रव्य कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो, आणि नेमके फुप्फुसाचे रुग्ण त्याच घरात आहेत.

ऑक्सिमीटरवर मात्र अर्धे पान द्या, कारण या लहानशा यंत्राने जितका दिलासा दिला तितकाच घोळही घातला. यंत्रावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. तापात नाडी ९२-९८ सहज असते, आणि घाबरलेला माणूस तोच ऑक्सिजन समजून निर्धास्त होतो. उलट घोटाळाही होतो. समोर बसलेल्याने यंत्र उलटे वाचले तर ९८ हे ८६ दिसते, ८९ हे ६८ दिसते, आणि घरात हलकल्लोळ. बरे, ९६ उलटे धरले तरी ९६च दिसते, त्यामुळे कधी चूक झाली हेही कळत नाही. म्हणून पत्रकात चित्र हवे : कोणता आकडा कोणता, आणि यंत्र कसे धरायचे.

मोजण्याची रीत अशी. पाच मिनिटे शांत बसावे, बोलू नये. हात गार असेल तर चोळून गरम करावा. नखावरचा रंग काढावा. तर्जनी किंवा मधले बोट पूर्ण आत, नख वरच्या बाजूला, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला. पहिला आकडा घ्यायचा नाही. नाडीच्या पट्ट्या एकसारख्या उड्या मारू लागल्या की पुढच्या मिनिटभरात जो आकडा टिकतो तो लिहायचा. थरथरणाऱ्या हाताचा आकडा विश्वासाचा नाही. घरात चौघांत एकच यंत्र असेल तर प्रत्येक वेळी आतून स्पिरिटने पुसून पुरते वाळू द्यावे, आणि बॅटरीचा एक जोड बाजूला असावा. बॅटरी उतरते ती नेमकी रात्री.

९५ किंवा वर ठीक. ९३-९४ असेल तर बोट बदलून पुन्हा मोजावे आणि तोच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. ९२ किंवा खाली असेल तर उद्याची वाट पाहू नये. ज्यांना फुप्फुसाचा जुना आजार आहे त्यांचा नेहमीचा आकडाच कमी असतो. तो आधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. यंत्र अचूक नसते हेही सांगा. मान्यताप्राप्त यंत्राने ९० दाखवले तर रक्तातले खरे प्रमाण साधारण ८६ ते ९४च्या दरम्यान कुठेही असू शकते, आणि गडद त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवण्याकडे झुकते हे डिसेंबर २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. तेव्हा एका आकड्यापेक्षा उतार पाहायचा : काल ९७, आज सकाळी ९५, आज संध्याकाळी ९४, ही रांग एकट्या ९४पेक्षा जास्त बोलकी आहे. बसून आकडा चांगला आणि खोलीतल्या खोलीत काही मिनिटे चालल्यावर तीन किंवा अधिकने घसरतो, हीसुद्धा इशाऱ्याची घंटा. ही चालण्याची परीक्षा एकट्याने करू नये, आणि ज्याचा बसल्या जागी आकडा आधीच कमी आहे त्याने तर मुळीच नाही.

यंत्र नसेल तर श्वास मोजावा. पूर्ण एक मिनिट, अर्ध्या मिनिटाची दुप्पट करून नाही, आणि त्या माणसाला न सांगता. सांगितले की श्वासाची लय बदलते. मोठ्या माणसात विश्रांतीत १२ ते २० नेहमीचे, २५ किंवा पुढे गेले तर मदत बोलवायची. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळात ५० किंवा अधिक, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणे, ही धोक्याची खूण. एका श्वासात आकडे म्हणायला लावण्याची जी युक्ती पसरली, तिच्यावर विसंबू नये.

यातली खरी अडचण मोजमापाची नाहीच. मोजणारा कोण, ही आहे. ऑक्सिजन उतरला तरी दम लागल्याचे जाणवत नाही, असे या आजारात होते. आणि मेंदूला ऑक्सिजन कमी पडलेला माणूस 'मी ठीक आहे' असेच सांगतो. घरातले सगळे तापाने ग्लानीत असतील तर या वाक्याची खातरजमा कोणी करायची? म्हणून घराबाहेरचा एक माणूस नेमावा लागतो. त्याने दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, फोन करायचा. मेसेज नाही, आवाज ऐकायचा. वाक्य मध्येच तुटते का, आज वार कोणता हे नीट सांगता येते का, कालचे आकडे आणि आजचे आकडे काय, दिवसभरात लघवी किती वेळा झाली. दोन फोन उचलले गेले नाहीत तर काय करायचे हे आधी ठरलेले असावे : किल्ली कोणाकडे, दार कोण उघडणार. पाचव्या ते दहाव्या दिवसांत साठीपुढच्या माणसाचा आकडा रात्री एकदा तरी घ्यावा, गजर लावून. दोन आजारी मोठ्यांनी रात्र वाटून घ्यावी, दोघांनी एकाच वेळी जागू नये. दोघेही जागले तर सकाळी दोघेही निकामी.

औषधांत चार माणसे आणि एक डबा ही जोडी घातक ठरते. आईने दिलेले वडिलांना माहीत नसते, दोन तासांनी वडीलही देतात. तोच भिंतीवरचा कागद इथेही : वेळ, औषध, किती, कोणी दिले. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन वेळांमध्ये किमान चार ते सहा तास, आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. यकृताचा आजार असेल किंवा वजन फार कमी असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून कमी. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ते याच हिशेबात धरायचे. मुलांचे सिरप हा तर सापळाच. वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम लागते. बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम लिहिले असेल तर ते ७.५ मिलिलिटर होते, २५० लिहिले असेल तर ३.६. घरात दोन्ही बाटल्या असल्या आणि अदलाबदल झाली की डोस दुप्पट. म्हणून 'किती चमचे' असे छापू नका; मिलिग्रॅम छापा आणि मोजण्याच्या सिरिंजचे चित्र द्या. मुलांना तापासाठी ॲस्पिरिन देऊ नये.

एकाची चिठ्ठी चौघांना चालवणे हा दुसरा प्रकार. स्टेरॉइडच्या बाबतीत तो जिवावर बेततो. जून २०२०मध्ये जाहीर झालेल्या 'रिकव्हरी' या ब्रिटनमधल्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने, ६ मिलिग्रॅम रोज, जास्तीत जास्त दहा दिवस, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी केले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काही फायदा झाला नाही. तापाच्या दुसऱ्या दिवशी घरीच सुरू केलेले स्टेरॉइड मधुमेह्याची साखर भडकवते आणि बुरशीच्या आजाराला वाट करून देते. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, हेही एका ओळीत लिहाच. निर्माट्रेल्विर-रिटोनाविर या कोविडच्या विषाणूविरोधी गोळ्या लक्षणांच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू कराव्या लागतात, आणि कोलेस्टेरॉल व रक्त पातळ करण्याच्या अनेक औषधांशी त्या जुळत नाहीत. म्हणून जोखमीच्या माणसाच्या चालू औषधांची यादी आजारपणाआधीच लिहून ठेवायला सांगा. शून्य दिवस ज्याला माहीत नाही त्याचे हे पाच दिवस हातचे निघून जातात.

पाण्याबद्दल 'भरपूर प्या' पुरत नाही. जुलाब-उलट्या असतील आणि तयार पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच. मधुमेह्याने जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन आपणहून बंद करू नये. साखर जास्त वेळा तपासून डॉक्टरांना विचारावे.

कोणत्याच पत्रकात आम्हाला न दिसलेली एक गोष्ट : सगळ्यांचा वास एकदम जातो तेव्हा घरात गॅसची गळती, करपणे, धूर, नासलेले अन्न ओळखणारे कोणी उरत नाही. धुराचा आणि गॅसचा गजर असेल तर तो चालू आहे का पाहावे. नसेल तर गॅस वापरून झाला की लगेच मुख्य कळ बंद करावी आणि शिजत असताना तिथून हलू नये.

रुग्णालयात जायची वेळ आली तर पिशवी आधी भरलेली हवी. औषधांची यादी, ॲलर्जी, शून्य दिवस, शेवटच्या तीन दिवसांचे आकडे, चष्मा, श्रवणयंत्र, कवळी, चार्जर. चष्मा आणि श्रवणयंत्र राहिले तर म्हातारा माणूस गोंधळतो आणि तो गोंधळ आजाराचा समजला जातो. ज्या घरात लहान मुले आहेत तिथे आणखी एक ओळ : दोन्ही मोठ्यांना जावे लागले तर मूल कोणाकडे, आणि त्या माणसाला हे विचारले आहे का. अंगावर पिणाऱ्या बाळाला आई आजारी म्हणून तोडू नये. मास्क लावून, हात धुऊन पाजत राहावे.

घराबाहेर पडण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, ते तुम्ही लिहालच. पण घरातल्या घरात जो पहिला बरा होतो त्याच्यावर सगळी कामे येऊन पडतात, त्याबद्दलही लिहा. तापाच्या गोळीशिवाय २४ तास ताप नाही याचा अर्थ तो माणूस बरा होण्याच्या वाटेवर आहे, एवढाच. काम केल्यावर लगेच नव्हे तर दुसऱ्या दिवशी गळून जात असेल तर त्याने कामे निम्मी करावीत, रेटू नये. थकवा किंवा दम तीन महिन्यांनंतरही असेल, निदान दोन महिने टिकलेला असेल आणि दुसरे कारण सापडत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२१च्या व्याख्येनुसार तो दीर्घ कोविड धरला जातो; डॉक्टरांकडे जाताना भिंतीवरचा तो जुना कागद सोबत न्यावा. मुलांच्या बाबतीत दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा ताप, लाल डोळे, पुरळ, पोटदुखी असे काही एकत्र दिसले तर 'कोविड तर होऊन गेला' म्हणून थांबू नये, त्याच दिवशी दाखवावे.

आमची मागणी फार नाही. पत्रकाची मागची बाजू राखून ठेवा आणि तिथे रकाने छापा : नाव, शून्य दिवस, सकाळ-संध्याकाळ-रात्रीचा ऑक्सिजन, नाडी, श्वास, ताप, औषधाची वेळ. सहा माणसांसाठी जागा ठेवा. अक्षर तापलेल्या डोळ्यांना मंद उजेडात वाचता येईल एवढे मोठे ठेवा. आणि खाली जो मदतीचा क्रमांक छापणार आहात, तो छपाईला देण्याआधी पहाटे तीन वाजता एकदा स्वतः लावून पाहा.

आपले,
घरगुती शुश्रूषेच्या कामातील सहकारी